साहेब, हे कुठे मोजलंत?

निवृत्त लष्करी अधिकारी टीव्हीवर बोलायला लागला की आपण चॅनेल बदलत नाही. पुढाऱ्याचं बोलणं आपण अर्धं सोडून देतो, पत्रकाराचं पाव सोडून देतो, पण छातीवर पदकं मिरवलेल्या माणसाचं बोलणं मात्र जसंच्या तसं घरात घेतो. त्यात गैर काही नाही. ज्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षं सीमेवर घालवली, त्याचं ऐकायचं नाही तर कुणाचं ऐकायचं?

पण ऐकायचं म्हणजे नेमकं काय ऐकायचं, हा प्रश्न गेली काही वर्षं माझ्या डोक्यात घोळतो आहे. आणि त्याचं उत्तर शोधताना मला भेटला तो कुणी आजचा जनरल नव्हे, तर शंभर वर्षांपूर्वीचा एक इंग्रज. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कॉमर्स म्हटलं की सिडनहॅम. हा सिडनहॅम कोण, हे मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता एवढं काहींना माहीत असतं. पण त्याआधी तो लष्करातला इंजिनिअर होता आणि त्या काळचा मोठा संरक्षण-विश्लेषक होता, हे कळलं आणि मी त्याच्या मागेच लागलो.

आता थोडं विषयांतर. सैन्यातला इंजिनिअर म्हणजे काय, हे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात समजावून सांगावं लागतं, कारण भरतीला जाणाऱ्या पोरांच्या डोळ्यांसमोर बंदूक असते, फावडं नसतं. सैन्य पुढे जातं ते कुणीतरी आधी जाऊन सुरुंग काढलेले असतात म्हणून, नदीवर पूल टाकलेला असतो म्हणून, डोंगर फोडून रस्ता केलेला असतो म्हणून. हे काम करणाऱ्यांना सॅपर म्हणतात. आपल्या खडकीला बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आहे. १९४८ साली नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून देणारे आणि परमवीर चक्र मिळवणारे रामा राघोबा राणे याच गटाचे. आणि २०२२ ते २०२४ या काळात भूदलाचे प्रमुख असलेले जनरल मनोज पांडे हेही सॅपरच. इंजिनिअर्समधून त्या पदावर पोचलेले ते पहिले अधिकारी, आणि विशेष म्हणजे आपल्या नागपूरचे.

या माणसांची एक सवय असते. ती सवय मला फार महत्त्वाची वाटते. ते आधी मोजतात आणि मग बोलतात. नदी किती रुंद, पाणी किती खोल, प्रवाह किती, रणगाड्याचं वजन किती. "होऊन जाईल साहेब" हे उत्तर तिथे चालत नाही. पूल एक तर वजन पेलतो, नाहीतर पाण्यात जातो.

आमच्या हिवरा आश्रमात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमाच्या जन्मोत्सवाला जो महाप्रसाद होतो, तो ज्यांनी पाहिलाय त्यांना कळेल मी काय म्हणतो ते. शेतात लांबच लांब पंगती, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून येणाऱ्या पुऱ्या आणि वांग्याची भाजी, आणि लाखाच्या घरात माणसं. बाहेरून येणारा म्हणतो, काय ही भक्ती! भक्ती आहेच. पण गहू किती क्विंटल, वांगी किती, कढया किती, ट्रॅक्टर किती, कोणता स्वयंसेवक कोणत्या रांगेत, हे आधी कुणीतरी मोजलेलं असतं म्हणून शेवटच्या पंगतीतल्या माणसाच्या हातावर पुरी पडते. नुसत्या जयघोषाने पोट भरत नाही.

असो. तर सिडनहॅम.

त्याचं मूळ नाव जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. जन्म १८४८ चा. १८६८ साली रॉयल इंजिनिअर्समध्ये दाखल झाला. सुरुवातीची काही वर्षं त्याने इंग्लंडमधल्या कूपर्स हिलच्या कॉलेजात शिकवलं. हे कॉलेज खास हिंदुस्थानातल्या सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी इंजिनिअर तयार करायचं. म्हणजे आपल्याशी त्याचं नातं तसं जुनंच.

१८७७ साली रशिया आणि तुर्कस्तानचं युद्ध झालं. बल्गेरियातल्या प्लेव्हना या गावात उस्मान पाशाने घाईघाईत मातीचे बांध आणि खंदक खणले आणि त्यांच्या आधाराने रशियाचं मोठं सैन्य पाच महिने अडवून धरलं. त्या काळी युरोपातली सरकारं दगडी किल्ल्यांवर, लोखंडी बुरुजांवर पाण्यासारखा पैसा ओतत होती. क्लार्कने प्लेव्हनाचा अभ्यास केला आणि त्याला वाटायला लागलं, की हे सगळं जरा तपासून पाहायला हवं. फावड्याने काढलेली माती जर तोफगोळा पचवत असेल, तर मग हे महागडे बुरुज कशासाठी?

पाच वर्षांनी त्याला तपासायची संधी मिळाली. ११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर दिवसभर तोफा डागल्या. किल्ले गप्प झाले. लंडनमध्ये जयजयकार सुरू झाला, आमच्या जहाजांनी किल्ल्यांची दाणादाण उडवली म्हणून. क्लार्क तिथे गेला आणि त्याने इंजिनिअरचं काम केलं. एकेक बुरुज, एकेक तोफ, एकेक खड्डा पाहिला, नोंदवला. आणि अहवाल दिला तो जयजयकाराच्या उलटा. एवढे गोळे उडवूनही मातीच्या तटांचं नुकसान फारसं झालेलं नव्हतं आणि प्रत्यक्ष गोळा लागून निकामी झालेल्या तोफा थोड्याच होत्या.

मला या माणसाचा इथे खरोखर आदर वाटतो. विजयाच्या धुंदीत स्वतःच्याच आरमाराला "थांबा, आकडे असं सांगत नाहीत" म्हणायला छाती लागते. आणि तो आरमाराचा द्वेष्टा होता म्हणून असं म्हणत होता, असंही नाही. उलट साम्राज्याचं रक्षण आरमारानेच होईल, असं त्याचं मत होतं.

यानंतर त्याची लेखणी थांबली नाही. वसाहतींच्या संरक्षणाचा विचार करणाऱ्या सरकारी समितीचा तो सचिव झाला. १८९० साली तटबंदीशास्त्रावरचा त्याचा ग्रंथ आला. १८९१ मध्ये त्याने टोपणनावाने भविष्यातल्या आरमारी युद्धाची एक कल्पित कथासुद्धा लिहिली. १९०४ साली ब्रिटनच्या युद्धखात्याची फेररचना सुचवणाऱ्या ईशर समितीत तीनच सभासद होते, त्यांतला एक क्लार्क. त्याच वर्षी तो साम्राज्य संरक्षण समितीचा सचिव झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर राष्ट्रीय सुरक्षेवर देशाच्या पंतप्रधानाला सल्ला देणाऱ्या टेबलावर हा सॅपर जाऊन बसला. तिथवर पोचवणारी शिडी एकच होती, मोजून बोलण्याची.

आणि मग १९०७ साली तो मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला.

आमचा बुलढाणा जिल्हा त्याच्या हद्दीत नव्हता. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. पण त्याच्या कारकिर्दीचा चटका वऱ्हाडालाही बसला. १९०८ साली टिळक अकोल्याच्या शिवजयंतीला आले होते आणि शेगावचे गजानन महाराज त्या सभेला होते, ही गोष्ट 'गजानन विजय' वाचणाऱ्या प्रत्येक घरात माहीत आहे. त्याच वर्षी २४ जूनला टिळकांना अटक झाली. मुजफ्फरपूरच्या बाँबनंतर 'केसरी'त लिहिलेल्या लेखांवरून खटला. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा. नऊ ज्युरींपैकी सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी निर्दोष. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. आणि आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या अपिलासाठी विलायतेला गेले.

हा खटला भरणारं सरकार क्लार्कचं. टिळक म्हणजे ब्रिटिश राज्य उलथवण्याच्या कटाचे बहुधा मुख्य सूत्रधार, असं त्याचं ठाम मत होतं. गंमत म्हणजे त्याचे वरिष्ठ, भारतमंत्री मोर्ले, यांना हा खटला पसंत नव्हता. वकिलांचा सल्ला घेतलात तसा माझाही घेतला असता, तर मी त्या माणसाच्या वाटेला जाऊ नका असंच सांगितलं असतं, अशा अर्थाचं त्यांनी क्लार्कला कळवलं.

विचार करा. लंडनमध्ये बसलेल्या, मुंबईच्या रस्त्यावर पाऊल न ठेवलेल्या मोर्ले यांना कळत होतं, की टिळकांना तुरुंगात टाकून टिळक संपणार नाहीत. आणि मुंबईत बसलेल्या, अलेक्झांड्रियाचा एकेक खड्डा मोजणाऱ्या माणसाला ते कळलं नाही. असं का झालं असेल?

तो लबाड होता किंवा मूर्ख होता, हे उत्तर सोपं आहे आणि ते मला पटत नाही. मूर्ख तर तो नव्हताच. त्याच्याच काळात कॉमर्स कॉलेजची तयारी झाली आणि मुंबईत विज्ञानसंस्था हवी ही कल्पनाही त्याचीच. मला वाटतं, कारण वेगळं आहे. तटाला टेप लावता येते, लोकांच्या मनाला लावता येत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तटबंदीबद्दल तुम्ही काही चुकीचं बोललात तर पहिला तोफगोळाच तुम्हाला उत्तर देतो. गव्हर्नरला उत्तर कोण देणार? भोवती सगळे हुजरे आणि मान डोलावणारे. जो माणूस आयुष्यभर मातीकडून उलट उत्तर ऐकून शहाणा झाला, त्याला आता उलट उत्तर देणारं कुणी उरलं नव्हतं. अधिकार तोच होता, आवाज तोच होता, आत्मविश्वास तर दुप्पट झाला होता. फक्त मोजणं थांबलं होतं.

१९१३ साली तो परत गेला, लॉर्ड सिडनहॅम झाला, त्याच वर्षी मुंबईच्या कॉलेजला त्याचं नाव मिळालं. पुढची गोष्ट मात्र फार वाईट आहे. हिंदी लोकांना थोडेफार अधिकार देणाऱ्या माँटेग्यू सुधारणांना विरोध करण्यासाठी १९१७ मध्ये लंडनमध्ये संघटना उभी राहिली, त्यात हे पुढे. 'मी हिंदुस्थानात गव्हर्नर होतो' हे वाक्य त्यांच्या पाठीशी होतंच. आणि त्यानंतर हा माणूस अशा ठिकाणी जाऊन पोचला की वाचताना विश्वास बसत नाही. जगभर ज्यू लोकांचं गुप्त कारस्थान चाललंय असं सांगणारा एक कुप्रसिद्ध दस्तऐवज त्या काळी फिरत होता. १९२१ च्या ऑगस्टमध्ये 'द टाइम्स'ने पुराव्यानिशी दाखवून दिलं, की तो बनावट आहे, दुसऱ्याच एका जुन्या पुस्तकातून उचललेला आहे. त्याच वर्षी सिडनहॅमसाहेब मात्र त्याच्या बाजूने लिहीत होते. अलेक्झांड्रियात प्रत्येक खड्डा स्वतः जाऊन बघणारा माणूस, आणि समोर बनावटपणाचा पुरावा ठेवला तरी तो बघायला तयार नाही! १९३३ साली तो गेला. आज त्याच्या ग्रंथांची आठवण तटबंदीच्या अभ्यासकांना असते, आणि शेवटच्या लिखाणाची आठवण द्वेषाचा इतिहास लिहिणाऱ्यांना.

एका माणसाची ही दोन टोकं मला अस्वस्थ करतात. कारण त्याला ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने दोन्हीकडे बोलणारा एकच होता, 'कर्नल सर जॉर्ज क्लार्क, संरक्षणतज्ज्ञ'. पदवीने फरक सांगितला नाही. फरक ऐकणाऱ्याने करायचा होता.

तुम्ही म्हणाल, हा इंग्रज, साम्राज्यवादी, त्याचं काय एवढं? बरं, मग आपल्याकडचा एक सॅपर घेऊ. प्रेमिंद्र सिंग भगत. बॉम्बे सॅपर्सचे. १९४१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ॲबिसिनियात या तरुण अधिकाऱ्याने जवळजवळ विश्रांती न घेता चार दिवस सुरुंग काढले. पंचावन्न मैलांच्या रस्त्यावरची पंधरा सुरुंगक्षेत्रं. गाडी खालून उडाली, कानाचे पडदे फाटले, तरी काम सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय अधिकारी.

पण मला त्यांची दुसरी कामगिरी जास्त मोठी वाटते. १९६२ ला चीनकडून आपला पराभव झाला. तो का झाला हे शोधायला लष्कराने दोन अधिकारी नेमले, लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत. त्यांनी १९६३ साली अहवाल दिला. सरकारने तो आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्याचा काही भाग जगासमोर आणला, तेव्हा लोकांना अंदाज आला, की त्यात भावना कमी आणि तपशील जास्त आहेत. कोणत्या ठाण्यावर किती माणसं, रसद कशी, हुकूम कुणी कधी दिला. पुढे भगतांनी भारताच्या संरक्षणावर पुस्तकंही लिहिली, नोकरीत असतानाच. स्वतःच्या सैन्याचा पराभव उघड्या डोळ्यांनी मोजणं हे मला सुरुंग काढण्याइतकंच जोखमीचं काम वाटतं. सुरुंगाने कान जातात, या दुसऱ्या कामात बढती जाऊ शकते.

मराठीत तेच काम मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी केलं. तेही सॅपरच. काश्मीरच्या युद्धांवरचं 'डोमेल ते कारगिल' आणि १९६२ वरचं 'न सांगण्याजोगी गोष्ट' ही त्यांची पुस्तकं राजहंस प्रकाशनाने काढली. दुसऱ्या पुस्तकाचं नावच बघा. विजयाच्या कथा सांगायला सगळेच पुढे असतात. न सांगण्याजोगी गोष्ट सांगायला, आणि ती मराठीत, म्हणजे जिथून पोरं भरतीला जातात त्या घरांच्या भाषेत सांगायला, कुणीतरी लागतो. युद्धावर लिहिणारा निवृत्त अधिकारी मला असा हवा आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

१४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे चाळीस जवान गेले. त्यांतले दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे. मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्राचे नितीन राठोड. चोरपांग्रा म्हणजे आमच्या शेजारच्या तालुक्यातलं गाव. त्या दिवसांत इथे चुली पेटल्या तरी जेवणावर कुणाचं लक्ष नव्हतं. चहाच्या हॉटेलात टीव्ही सतत चालू. पडद्यावर बदला, सूड, नकाशावरून देश पुसून टाका. त्यात निवृत्त अधिकारीही होते. राग मलाही होता, कुणाला नव्हता? पण मी वाट बघत होतो ती एका साध्या प्रश्नाची. अठ्ठ्याहत्तर गाड्या आणि अडीच हजार माणसं, एवढा ताफा एकाच रस्त्याने एकाच दिवशी का गेला? बर्फामुळे महामार्ग आधी बंद होता, माणसं साचली होती, हे खरं. मग साचलेली माणसं हलवायचं गणित कुणी मांडलं? बाजूच्या रस्त्यावरून येणारी गाडी ताफ्यात घुसू शकते, हे कुणी तपासलं? जवानांना विमानाने न्यायची मागणी होती आणि ती मान्य झाली नाही, असा आरोप तेव्हाचे राज्यपाल सत्यपाल मलिक यांनी २०२३ मध्ये जाहीरपणे केला. तो आरोप खरा की खोटा, हे शांतपणे तपासून सांगायला ज्याने आयुष्यभर ताफे नेले, रस्ते मोकळे केले, अशाच माणसाची गरज असते. हॉटेलात ओरडायला आम्ही होतोच की! त्यासाठी ब्रिगेडियर कशाला पाहिजे?

आमच्या गावात पहाटे रस्त्याने पळणारी पोरं आहेत. भरतीची तयारी करतात. त्यातल्या एकाने मला त्या दिवसांत विचारलं, "काका, आता युद्ध होईल का?" त्याच्या आवाजात भीती नव्हती, उत्सुकता होती. मी काय सांगणार? मी टीव्हीकडे बोट दाखवू शकत नव्हतो. तिथे बसलेल्यांना त्याच्या वयाची पोरं ठाऊक होती, ती त्यांच्या हाताखालीच तर लढली होती. त्यांनी त्याला सांगायला हवं होतं की युद्ध म्हणजे काय असतं, किती दिवसांचा दारूगोळा लागतो, जखमी माणसाला डोंगरावरून खाली आणायला किती तास लागतात.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तर कहर झाला. काही वाहिन्यांनी रात्रीतून कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. सकाळी कळलं, तसं काहीच घडलेलं नाही. त्या रात्री स्टुडिओत गणवेश उतरवलेली माणसंही बसलेली होती. त्यांच्यापैकी एकाने जरी "थांबा, हे कुणी पाहिलंय?" एवढं विचारलं असतं, तरी माझ्या दृष्टीने त्याने देशाची सेवा केली असती. १८८२ चा क्लार्क तेच तर म्हणाला होता. तो तेव्हा पस्तिशीचाही नव्हता.

माझं म्हणणं निवृत्त अधिकाऱ्यांनी बोलू नये, असं अजिबात नाही. उलट ते गप्प बसले तर मैदान ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्या हाती जाईल. शिवाय तेही नागरिक आहेत, त्यांना राजकीय मतं असणारच आणि ती मांडायचा हक्कही आहे. पण ते मत नागरिकाचं आहे, जनरलचं नाही, हा फरक त्यांनी ठेवावा. निदान आपण तरी ठेवावा. लडाखमध्ये दरबुक ते दौलत बेग ओल्डी हा २५५ किलोमीटरचा रस्ता २०१९ मध्ये पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी १५ जूनला गलवानमध्ये आपले वीस जवान गेले. रस्ता आणि रक्त यांचा संबंध काय, रस्ता झाल्याने समोरचा का बिथरतो, आपल्या रस्त्याने आपण किती दिवसांत किती माणसं तिथे पोचवू शकतो, हे मला सॅपरकडून ऐकायचं आहे. रोहतांगखाली नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाल्याने हिवाळ्यातली रसद किती बदलली, हे ऐकायचं आहे. अमुक जातीची, तमुक धर्माची माणसं मुळातच कशी असतात, हे मात्र मला त्यांच्याकडून ऐकायचं नाही. ते त्यांनी कुठल्याच रणांगणावर मोजलेलं नसतं. सिडनहॅमनेही नव्हतं मोजलं.

आणि थोडी जबाबदारी आपलीही आहे बरं का. आपणच शांतपणे आकडे सांगणाऱ्या माणसाला कंटाळवाणा म्हणतो आणि टेबलावर मूठ आपटणाऱ्याला देशभक्त. वाहिनीवाले तेच विकतात जे आपण घेतो. क्लार्कला बिघडवणारे हुजरे होते, आजच्या तज्ज्ञाला बिघडवणारे आपण प्रेक्षक आहोत. त्याने पाच वर्षांपूर्वी काय भाकीत केलं होतं आणि घडलं काय, हे आपण कधी ताडून बघत नाही. कापसाचा भाव चुकीचा सांगणाऱ्या माणसाकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही. युद्धाचा अंदाज चुकवणाऱ्याकडे मात्र रोज संध्याकाळी जातो.

माझ्यापुरता मी एक उपाय काढला आहे. पडद्यावर कुणी मोठे साहेब बोलायला लागले, की मी मनातल्या मनात, अगदी आदराने, एकच प्रश्न विचारतो. साहेब, हे तुम्ही कुठे मोजलंत? उत्तर मिळालं, एखादा पूल, एखादी खिंड, एखादा हिवाळा, तर मी कान देऊन ऐकतो, मग साहेब कोणत्याही पक्षाचे असोत. उत्तर नाही मिळालं तर साहेबांना मनोमन सलाम करतो आणि टीव्ही बंद करतो. पहाटे पळणाऱ्या त्या पोरांनाही मी आता हाच प्रश्न शिकवतो आहे. शेवटी त्या बोलण्याची किंमत चुकवायला जायचंय ते त्यांनाच.